लीलाबाई कोणाच्या वाटणीला

भगवंतमामा बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि त्यांना बोलावलं म्हणजे घरात काहीतरी वाटायचं असतं, हे गावंड्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागच्या खेपेला आले होते तेव्हा दोघा भावांची जमीन वाटून देऊन, वर दोन वाट्या बासुंदी पिऊन गेले होते. त्यामुळे बडनेऱ्याहून सकाळीच निघालेले मामा खांद्यावर रुमाल टाकून वावराच्या धुऱ्यावरून येताना दिसले, तशी रागिणीनं मान खाली घातली. तिचे हात कणकेत होते. रोडगे म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे; त्यांची कणीक घट्ट लागते, अंगचं सगळं बळ काढून मळावी लागते. त्या दिवशी रागिणीनं ती जरा जास्तच रगडली.

खरं तर दिवस आनंदाचा होता. संक्रांत होऊन गेली होती, तूर कापून पडली होती, आणि तिच्या सासूचा, लीलाबाईंचा, नवस फेडायचा होता. त्यांचा धाकटा मुलगा मनोज कोकणपट्टीवर जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर. इतकी वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढली, आणि दिवाळीनंतर कंपनीनं त्याला आपल्या स्वतःच्या माणसांत घेतलं. पोरगं कायम झालं की वावरातल्या मुंजाबाला रोडगे करीन, असं लीलाबाई बोलून बसल्या होत्या. म्हणून आज पिंपळाखाली गोवऱ्या पेटल्या होत्या, वांगी चिरून पाण्यात पडली होती, आणि मनोज बायकोला घेऊन आदल्या संध्याकाळीच तेल्हाऱ्यात दाखल झाला होता.

पण त्याच दिवशी मामाही यावेत, ही करामत रागिणीच्या नवऱ्याची, श्यामची होती. आणि श्यामच्या डोक्यात ती घालणारी स्वतः रागिणी होती.

झालं होतं असं की, अकोल्याला दिलेली नणंद सीमा हिचा आठवड्यापूर्वी फोन आला. भाजीपाल्याच्या भावापासून सुरुवात करून सीमा हळूच म्हणाली, वहिनी, तुमच्या कानावर आलंच असेल, मनोजनं आईबाबांना तिकडं आपल्या नावावर लावून घेतलं. रागिणीच्या कानावर काहीही आलेलं नव्हतं. तिनं 'हो का' म्हणून फोन ठेवला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं ते तिला दिसलंही नाही.

आता नावावर लावणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात कोणी कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भावाभावांत वावरं वाटली जातात, भांडी वाटली जातात आणि मग आईबापही वाटले जातात. म्हातारी माणसं ज्याच्या वाटणीला जातील त्याच्याच घरी त्यांनी जेवायचं, आणि त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला जमिनीचा तुकडाही शेवटी त्याचाच. गावंड्यांच्या घरी हा तुकडा म्हणजे विहिरीचं वावर, सगळ्यात काळं आणि सगळ्यात खोल. वाटणीच्या वेळी मामांनी विचारलं होतं, तेव्हा सासरे किसनराव म्हणाले होते, आमचं आम्ही पाहून घेऊ. मग कोणी काही बोललं नाही आणि म्हातारा-म्हातारी श्यामकडंच राहिली.

वावराचं दुःख श्यामला. रागिणीचं दुःख निराळं होतं, ते तिला कोणाला सांगताही येत नव्हतं. लीलाबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. त्यांना सकाळी उठवायचं, संडासात प्लास्टिकची खुर्ची ठेवून बसवायचं, न्हाऊ घालायचं, रात्री तेल लावायचं, हे सगळं रागिणी करत होती. ती काही देवी नव्हती. कंबर मोडून यायची तेव्हा ती मनातल्या मनात सासूला, जावेला, गुडघ्यांना आणि देवाला ओळीनं शिव्या द्यायची. पण म्हणून काय कोणी विचारल्याशिवाय म्हातारी उचलून आपल्या नावावर लावायची? मग आपण केलं ते काय होतं? मोलकरणीनं काम सोडायचं ठरवलं तरी लोक तिला दोन शब्द विचारतात.

दोन दिवस तिनं तोंड शिवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी श्यामला सांगून टाकलं. श्याम तसा बोलणारा माणूस नाही. त्यानं मामांना फोन केला, वाटणीचं आहे, या म्हणाला आणि विहिरीच्या वावराकडं जाणं बंद केलं.

मामा येऊन पिंपळाच्या पारावर टेकले, पाणी प्यायले. लीलाबाई भावाला पाहून हरखल्या. नवसाच्या जेवणाला भाऊ आपणहून आला असंच त्यांना वाटलं. मनोज मामांच्या पाया पडला. आधीपेक्षा वाळला होता, हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते, पण तोंडावरून आनंद नुसता सांडत होता. कंपनीनं राहायला खोल्या दिल्या, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तळमजल्यावर, असं तो मामांना सांगत होता. श्याम तिकडं पाठ करून गोवऱ्यांचा जाळ सारखा करत होता. जाळ चांगला सारखा होता.

रागिणीचं लक्ष मात्र प्रणालीवर होतं. ही तिची धाकटी जाऊ, मनोजची बायको, स्वभावानं तशी गरीब. पण आज ती काय करत होती, तर लीलाबाई ज्या खुर्चीवर बसल्या होत्या तिच्या पायाला वीत लावून उंची मोजत होती. मग तिनं सासूला विचारलं की एवढ्या उंचीवरून उठायला सोपं जातं का. रागिणीनं हे पाहिलं आणि हातातल्या रोडग्याचा गोळा असा दाबला की तो चपटाच झाला. म्हातारीला न्यायची तयारी सुरू झाली म्हणायची, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत.

रोडगे निखाऱ्यात पडले. आता भाजून होईपर्यंत काही काम नव्हतं, आणि नेमके तेव्हाच किसनराव वावरातून फेरी मारून परत आले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण चालणं अजून ताठ. येतानाच त्यांचा आवाज चढला होता.

"श्याम, विहिरीच्या वावरातल्या हरभऱ्याले पानी काहून नाही देल्लं? पार मान टाकून राहिला तो."

श्यामनं मागं वळून पाहिलं नाही. "ज्याच्या वाटनीले जाईन तो देईन पानी."

मनोजनं आधी बापाकडं पाहिलं, मग भावाकडं. लीलाबाई म्हणाल्या, कसली वाटणी? आणि मग श्याम उठला, हात झटकले, आणि चार दिवस गिळलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. मनोजनं आईबाबांना परस्पर आपल्या नावावर लावलं, घरात कोणाला विचारलं नाही, मोठ्या भावाला तर नाहीच, आणि आता मामा आले आहेत तर चारचौघांत काय ते होऊन जाऊ दे.

मनोज हसला. त्यानं हसायला नको होतं. श्यामच्या तोंडावर रक्त चढलं, किसनराव खाटेवर बसता बसता पुन्हा उभे राहिले, आणि रागिणीला वाटलं, झालं, आता हे रोडगे मुंजाबाच्या नशिबी नाहीत.

"दादा, थांब," मनोज म्हणाला. हसू आवरलं होतं आणि आता तो घाबरला होता. "म्या कोनाले वाटनीत नाही घेतलं. कंपनीनं इचारलं, घरी कोन कोन हाय. बायको सांगतली. मंग साहेब म्हने, मायबाप हायेत का, त्यायचा दवाखाना बी कंपनी पाहीन. आता मायबाप हायेत तं काय नाहीत म्हनून सांगू?"

श्यामनं हाताची घडी घातली. मनोजला कळलं की एवढ्यानं भागणार नाही. तो खाली बसला आणि त्यानं जे सांगितलं ते त्यानं आजवर या घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. ठेकेदाराकडं होता तेव्हा त्याच्या शेजारी धारणीकडचा कुंदन नावाचा माणूस काम करायचा. जहाजाच्या पोटात लोखंडी टाक्या असतात, एक माणूस कसाबसा रांगत जाईल एवढ्याच, आणि आत शिरून वेल्डिंग करायची असते. उन्हाळ्यात आतलं लोखंड हात लावू देत नाही, धुरानं छाती भरते. एकदा वरून पत्रा सुटला आणि कुंदनच्या उजव्या हातावर आला. ठेकेदारानं पट्टी बांधून आणली आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. मनोज त्याला बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून बसनं धारणीला सोडून आला होता.

"त्याच्या मायनं मले इचारलं, आता कंपनी काय करीन आमच्यासाठी. म्या काय सांगू? कंपनीले तं त्याचं नावबी मालूम नव्हतं."

तेव्हापासून आपण कायम व्हायचंच म्हणून तो तिथं चिकटून राहिला. सणावाराला सुटी टाकली नाही, दोन दिवाळ्या घरी आला नाही. घरच्यांना वाटलं, समुद्र पाहिला आणि पोरगं फुगलं. रागिणीनंही तसंच म्हटलं होतं, एकदा नाही, बरेचदा. ते तिला आता आठवलं आणि ती निखाऱ्यातले रोडगे उगाच उलटेपालटे करायला लागली.

श्यामचा राग अर्धा उतरला होता, पण अर्धा अजून जागच्या जागी होता. तो मामांकडं वळला आणि म्हणाला, तुम्ही सांगा. दवाखान्यात नाव लावलं म्हणजे पुढं-मागं वावरावर हक्क येतो की नाही?

मामा इतका वेळ गुडघ्यावर रुमाल पसरून ऐकत होते. सगळी नोकरी रेल्वेत काढलेला माणूस. त्यांनी रुमाल उचलला, तोंड पुसलं आणि श्यामकडं असं पाहिलं की जणू त्यानं त्यांना बडनेऱ्याहून गाढव हाकायला बोलावलं होतं.

"एवढ्यासाठी मले आनलं का गा? अरे, माह्या मायचं नाव मी रिटायर होईपर्यंत रेल्वेत माह्या नावाखाली होतं. रेल्वेच्या दवाखान्यात तिच्या डोयाचं आपरेशन झालं. माह्या पासवर ते काशीले जाऊन आली. आन राहत होती मोठ्याकडे. वावर मोठ्यानंच पेरलं, अजून तोच पेरते. मले बोटभर बी नाही भेटलं. मंग?"

सगळ्यात आधी लीलाबाई हसल्या. काशीची ती यात्रा त्यांच्या चांगली लक्षात होती, त्यांच्या आईनं त्या प्रवासात दोन डबे भरून चिवडा नेला होता आणि इटारसीही आलं नाही तोवर संपवला होता. त्यांना हसताना पाहून प्रणाली हसली, मग मनोज. श्यामला हसणं जमलं नाही. तो मान खाली घालून पुटपुटला की आज लाइन दिवसाची आहे, वीज अजून दोन तास असेल. कोणी काही म्हणायच्या आत तो विहिरीकडं चालता झाला. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा रागिणीच्या मानेवरचं ओझं कोणी उतरवून खाली ठेवावं तसं तिला झालं. श्यामनं माफी मागितली नाही, ती तो कधीच मागत नाही. मोटर सुरू करतो.

पण किसनराव राहिले होते ना. सगळ्यांचं निपटलं तसा त्यांचा मान जागा झाला.

"ते सगळं ठीक हाय," ते म्हणाले. "पन म्या कोनाच्या जिवावर जगून राहिलो? ना याच्या, ना त्याच्या. त्या कंपनीले सांग, माह्यं नाव काढ. हिचंबी काढ."

मनोजनं समजावून पाहिलं. आईच्या गुडघ्यांच्या वाट्या बदलता येतात, अमरावतीत चांगला डॉक्टर आहे, कंपनीचं त्या दवाखान्याशी बोलणं झालेलं आहे, महिन्याभरात होऊन जाईल. किसनराव ऐकेनात. जावयाच्या दारी जेवलो नाही, पोराच्या साहेबाच्या दारी कशाला जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मामा म्हणाले, दाजी, जरा विचार करा. त्यावर दाजींनी मामांनाही गप्प केलं.

तेव्हा रागिणी बोलली. सासऱ्यासमोर ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही, पण ती उभी राहून बोलली.

"बाबा, तुमचं नाव काढा, तुमची मर्जी. आईचं नका काढू. सकाळी त्यायले उठवते मी. उठताना त्या तोंडात पदर धरतात, तुमची झोप मोडू नाही म्हनून. तुमाले ते मालूम नाही."

किसनरावांना हे खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. लीलाबाईंनी सुनेकडं एकदा रागानं पाहिलं, कारण ही गोष्ट दोघींतली होती. मग त्यांनी नवऱ्याकडं मान वळवली.

"वावर तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर," त्या म्हणाल्या. "गुडघे तं माह्ये हायेत ना, का तेबी तुमच्या नावावर हायेत?"

यावर हसू नये असं कोणाला वाटलं असेल तरी ते जमलं नाही. मामा तर रुमालात तोंड घालून हसले. किसनराव खाटेवर बसले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, बसव बा तुह्या मायचे गुडघे, मले मधात आनू नको. त्यांच्याकडून होकार याच भाषेत येतो, आणि तो आला हे घरातल्या सगळ्यांना कळलं. रागिणीचा जीव भांड्यात पडला. इतका की तिला एकाएकी कडाडून भूक लागली.

रोडगे निघाले. राख झटकून, फोडून, वर तूप सोडून मुंजाबाला नैवेद्य दाखवला. मग पंगत बसली. श्याम ओल्या पायांनी परत आला आणि मनोजच्या शेजारी बसला. वांग्याची भाजी झणझणीत झाली होती, मामांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ते आणखी मागत होते. श्यामनं आपल्या पानातला तूप जास्त मुरलेला तुकडा मनोजच्या पानात टाकला. दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच, की ट्रॅक्टरचं पुढचं टायर बदलायला झालं.

जेवणं झाल्यावर मनोज भांडी घासायच्या जागी रागिणीजवळ येऊन बसला. आता त्याला टाकीत उतरावं लागत नाही, असं तो सांगू लागला. कायम झाल्यावर त्याला टाकीच्या तोंडावर उभं केलं होतं. आत माणसं जायच्या आधी आतली हवा तपासायची, आणि ती आत असेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाण्यालाही जायचं नाही. सारखं आत हाका मारत राहायचं. आतून उत्तर येतं तोवर सगळं ठीक. उत्तर थांबलं की धावायचं. पूर्वी ठेकेदार या जागेवर माणूसच ठेवायचा नाही, रिकामा उभा राहतो म्हणून.

रागिणीला कळेना की दीर हे आपल्याला कशाला सांगतो आहे.

"आज सकाळी तुमाले पाह्यलं," मनोज म्हणाला. "आई संडासात होती आन तुमी बाहेर बसून तिले काहीबाही इचारून राहिल्या होत्या. मेथी कितीची आनली, सीमाच्या पोराचं काय झालं. पह्यले मले वाटलं, वहिनीले आज बोलायचं लय सुचून राहिलं. मंग समजलं. वहिनी, त्या कामाले तिकडे दोन महिने शिकवतात."

रागिणीनं घासणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिच्या या बडबडीला घरात कोणी काम म्हटलं नव्हतं. श्यामला तर ती नुसती कटकट वाटायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते राखेच्या धुरावर ढकललं. मग ती म्हणाली, जाऊ द्या भाऊजी, पातेलं धरा इकडून.

उन्हं कलायला लागली तशी शेवटची गोष्ट निघाली, आणि ती प्रणालीनं काढली, जरा भीतभीतच. ऑपरेशन अमरावतीला होईल, पण पुढचे दीड-दोन महिने आईंना खाली बसता येणार नाही. तेल्हाऱ्याच्या घरी खाली बसायचा संडास, त्याला तीन पायऱ्या. तिकडच्या खोल्या तळमजल्यावर, संडास खुर्चीसारखा, दवाखाना कंपनीच्या दारातच. म्हणून ती खुर्चीची उंची मोजत होती, तेवढ्याच उंचीचा पलंग घ्यायचा म्हणून. हे सांगताना ती श्यामकडं नाही, मामांकडं नाही, रागिणीकडं पाहत होती.

सकाळी याच भीतीनं तिनं रोडगा चपटा केला होता, आणि आता तीच गोष्ट शहाणपणाची दिसत होती. दोन महिने सकाळी उशिरा उठता येईल, हाही विचार येऊन गेला आणि त्याची तिला लाजही वाटली.

मामांनी घसा साफ केला. वाटणीला बसलेल्या माणसाला शेवटचा शब्द आपला असावा असं वाटतंच. त्यांनी श्यामकडं पाहिलं, श्यामनं बापाकडं पाहिलं, किसनरावांनी आकाशाकडं पाहिलं. पुरुष असे एकमेकांकडं पाहत असताना लीलाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, हळूच पुढं सरकल्या, आणि त्यांच्यातल्या एकालाही न विचारता सुनेला हाक मारली.

"रागिणी, तू सांग व. जाऊ का मी?"

या घरात सून म्हणून आल्यापासून रागिणीनंच विचारलं होतं. माहेरी जाऊ का, बाजारात जाऊ का, लग्नाला जाऊ का. सासूनं कधी विचारलं नव्हतं, विचारायचं कारणच नव्हतं. ती पदराला हात पुसत पुढं आली, लीलाबाईंच्या समोर बसली आणि त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जा," ती म्हणाली. "पन पापडाच्या आत वापस या. घरभराचे पापड मी एकटी नाही लाटत, सांगून ठेवते."

"येईन," लीलाबाई म्हणाल्या. "चालत येईन."